मांजरसुंब्याला ठेवलेली पाळत

चहा हातातनं खाली ठेवा आधी. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि चहा अंगावर सांडला तर नाव माझं घेणार. माणसानं घोळ घालावा, पण किती? मी मांजरसुंब्याला भर दुपारी जो घातला ना, तसला अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी घातला नसेल!

तुम्हाला माहीतच आहे, घाटनांदूरला आमचं भांड्यांचं दुकान. आमचे हे, म्हणजे गावाचे गुरलिंग आप्पा, गल्ल्यावर बसतात. आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवून बसते. का? अहो, माणूस इतका भोळा, की गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, पातेल्याला पोचा हाय," तर हे चष्मा लावून पातेलं फिरवतात आणि म्हणतात, "एक कुठला, दोन हायत की!"

आता असल्या माणसाच्या घरात एकानं तरी संशयी असायला पाहिजे की नाही? ते काम माझ्याकडं. देवळात गेले तर मी एक चप्पल पूर्वेच्या दाराशी काढते आणि दुसरी पश्चिमेच्या. लग्नात वाढप्यानं "ताई, अजून एक जिलेबी घ्या" म्हटलं, तरी मी विचार करते, याचं माझ्याकडं काय काम असेल?

तर त्या वेळी अंबाजोगाईत नवा नवा सायबर कॅफे निघाला होता. गावात मोबाइल कुणाकडं नव्हता, फोन करायचा तर एसटीडीच्या काचेच्या डब्यात शिरायचं. आणि आमच्या ह्यांना लागला कॅफेचा नाद! दुकानाचा माल आणायला अंबाजोगाईला गेले की तिथं जाऊन बसायचे. तिथं म्हणे एका साईटवर लिलाव चालतो.

"मोंढ्यात धान्याचा होतो तसाच गं," हे मला समजावून सांगायचे. "आपण बोली लावायची. ज्याची बोली जास्त, त्याला माल."

"माल हातात घेऊन बघता येतो का?"

"न्हाई. फोटो असतो."

"इकणारा दिसतो का?"

"न्हाई. त्याचं नाव असतं. ते बी खरं न्हाई, ठेवलेलं."

"म्हंजे माल दिसत न्हाई, माणूस दिसत न्हाई, नाव बी खोटं. आन् तुमी पैसे पाठवता?"

"हो ना!" हे एकदम खूश.

पहिल्याच लिलावात ह्यांनी घड्याळ जिंकलं. गावभर सांगून झालं. पार्सल आलं, उघडलं, घड्याळ छान चकचकीत. संध्याकाळपर्यंत हातात घालून मिरवलं. मग मी म्हटलं, बघू तरी. बघते तर काय, काटे डायलवर छापलेले! किल्ली फिरवली तर निघून हातात आली. विकणाऱ्याला ह्यांनी कॅफेतनं चार-पाच वेळा लिहिलं, पण तो कशाला उत्तर देतोय? नाव बदलून दुसरीकडं घड्याळं विकत बसला असेल.

एवढं झाल्यावर शहाणा माणूस काय करील? गप बसेल. आमच्या ह्यांनी काय केलं? माझ्यासाठी पिको-फॉलची मशीन जिंकली!

आता इथं मात्र माझा जीव अडकला, खरं सांगते. पिकोची मशीन मला किती वर्षांपासून हवी होती! घाटनांदूरच्या सगळ्या बायका साडीला पिको करायला अंबाजोगाईला जायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन टाकली, तर माझं स्वतःचं काहीतरी सुरू झालं असतं. ह्यांना ते ठाऊक होतं. वापरलेली, पण चांगल्या कंपनीची, म्हणत होते. विकणारा नगरचा.

"नाव काय त्याचं?"

"ऑनेस्ट सेलर."

"म्हंजे?"

"प्रामाणिक विक्रेता."

झालं! माझ्या डोक्यात तिथंच घंटा वाजली. अहो, खऱ्या माणसाला अशी पाटी लावून फिरावं लागतं का?

मी ह्यांना एसटीडीच्या डब्यात उभं केलं आणि बाजूला उभी राहून एकेक वाक्य सांगितलं. पैसे आधी मिळणार नाहीत. पार्सल चालणार नाही. मांजरसुंब्याला यायचं, तिकडनं तुम्ही या, इकडनं आम्ही येतो. धाब्यावर मशीन उघडायची, आमच्या घरची बाई चालवून बघणार, मग पैसे. तिकडचा माणूस लगेच म्हणाला, "चालेल, पोत्यात बांधून आणतो."

"लगेच हो म्हणाला?" मी विचारलं.

"लगेच."

"मग नक्कीच लबाड हाय."

ठरलेल्या दिवशी आम्ही पोहोचलो ते वेळेच्या कितीतरी आधी. मीच नेलं. म्हटलं, चोर यायच्या आत आपण जागा धरायची. ह्यांना धाब्याच्या एका कोपऱ्यात बसवलं, मी दुसऱ्या कोपऱ्यात. एकमेकांना ओळखत नाही असं दाखवायचं. कुणी पोतं घेऊन आला, की मी खोकणार. मी खोकले की ह्यांनी जाऊन विचारायचं.

माझ्या बाकावर एक बाई येऊन बसली. हिरवी साडी, कपाळाला मोठं कुंकू, चेहरा असा सोज्वळ, की बघूनच बरं वाटावं. बरोबर एक बांधलेलं पोतं. तिनं ते पायाशी ओढून घेतलं.

"कुठनं आलात?" मी विचारलं.

"जामखेडकडनं," ती म्हणाली. "कुणाची तरी वाट बघतेय. तुम्ही?"

आता मी कधी परक्या माणसाला घरचं सांगते का? पण त्या बाईच्या चेहऱ्यात काय जादू होती देव जाणे! मी सगळं सांगून टाकलं. घड्याळ सांगितलं, लिलाव सांगितला, पिको मशीन सांगितली.

"अन् तो नगरचा लबाड येणार हाय आता," मी तिच्या कानाशी लागून म्हटलं. "ऑनेस्ट म्हणवतो मेला! चोरीची मशीन असंल, न्हाईतर नुसतं वरचं खोकं. त्याला पोतं उघडू तर द्या, तिथंच गचांडी धरते आन् पोलिसात नेते. ताई, मी वरडले की तुमी बी वरडा. दोघी असलो म्हंजे लोक लवकर जमतात."

त्या बाईनं पोतं पायानं आणखी आत सरकवलं. चहाची कपबशी तशीच हातात.

"पण बाई," ती म्हणाली, "एखादा खरा पण असेल की."

"एक बी खरा न्हाई!" मी म्हटलं. "तुमी लई भोळ्या ताई, आमच्या ह्यांच्यासारख्या. पोत्यात काय हाय तुमच्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पोत्याकडं बघितलं.

"डाळ," ती म्हणाली.

"हां. संबाळा, इथं कुणी बी उचलून न्हेईल."

तेवढ्यात आला! पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल, खांद्यावर पोतं. पोत्यात काहीतरी जड. त्यानं ते हळूच खाली ठेवलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि पोत्यावर एक पाय ठेवून बसला. अहो, दहा लोकांत ओळखावा असा लबाड!

मी खोकले. ह्यांचं लक्ष भज्यांत. मी परत खोकले. धाबेवाला पाणी घेऊन धावत आला. शेवटी मी असं खोकले की रस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायला लागला, तेव्हा कुठं हे उठले.

"मशीन आणली का?" ह्यांनी त्या माणसाला विचारलं.

त्यानं ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आणली की. कावून?"

"पोत्यात हाय?"

"मग काय खिशात ठिवू?"

"चालती का?"

"चालली असती तर इतक्या लांब कशाला आणली असती, आप्पा? जळाली ना काल!"

हे ऐकलं आणि मला राहवेना. पाळत गेली खड्ड्यात! मी उठून मध्ये शिरले.

"जळाली? आन् जळालेली मशीन आमच्या गळ्यात मारतो व्हय रे?"

"तुमच्या गळ्यात कावून मारू?" तो माणूस उभाच राहिला. "ओ बाई, तुमी कोण? ही मशीन ईहिरीत सोडायची हाय मला!"

"बघा! बघा!" मी सगळ्या धाब्याला ऐकू जाईल असं ओरडले. "पकडला गेला तर ईहिरीत सोडतो म्हणतोय! पुरावा बुडवायला निघालाय!"

झालं, माणसं जमली. ट्रकवाले उतरले, टायरच्या दुकानातले आले. ऑनेस्ट ऑनेस्ट म्हणून मी ओरडतेय, त्या बिचाऱ्याला ते नाव कुठलं ठाऊक? त्याला वाटलं मी इंग्रजीत शिव्या देतेय!

"मगापासनं ह्ये दोघं माझ्या पोत्यावर डोळा ठिवून हायत!" तो लोकांना सांगायला लागला. "ही बाई तिकडनं खोकती, हा माणूस इकडनं उठतो. टोळी हाय ही! म्या म्हनूनच पाय ठिवून बसलो व्हतो."

"उघड पोतं!" मी.

"न्हाई उघडत!" तो.

धाबेवाल्यानं दोघांच्या मध्ये हात घातला, दोरी सोडली आणि पोतं खाली ओढलं.

आत पाण्यातली मोटार. विहिरीतली. जळून काळीठिक्कर पडलेली. बीडला वायंडिंग भरून आणायला निघाला होता बिचारा.

सगळा धाबा पोत्यावर वाकला. त्या माणसानं टॉवेलनं तोंड पुसलं, मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, ह्याच्यावर कंच्या साडीला पिको करता तुमी?"

मग जी माणसं हसली! टायरवाला तर टायरावर बसून हसत होता. हे त्या माणसाला हात जोडून चहा पाजत होते, भजी देत होते. आणि मी? मला धरणी पोटात घेईना. परत येऊन माझ्या बाकावर बसले तर ती हिरव्या साडीतली बाई उभी.

"मी निघते," ती म्हणाली. "माझी गाडी आली."

"ज्यांची वाट बघत होता ते आले न्हाईत का?"

"आले होते. पण माझं मन झालं नाही बोलायचं."

बिचारी, मला वाटलं, घरचं काही भांडण असेल. एसटी समोर उभी, पोतं जड, आणि तिला मदतीला कुणी नाही. मी म्हटलं, थांबा ताई. एवढ्या लोकांत तुम्ही एकट्या मला हसला नाहीत. एका बाजूनं तिनं धरलं, एका बाजूनं मी. अहो, काय जड पोतं! माझ्या गुडघ्याला काहीतरी टणक लागलं, गोल चाकासारखं.

"डाळीत टणक काय हाय हो?"

"खलबत्ता ठेवलाय," ती म्हणाली.

"हां," मी म्हटलं. मला पटलं!

आता तुम्ही म्हणाल, जामखेडची बाई डाळ घेऊन मांजरसुंब्याला येते, चहा पिते आणि तीच डाळ घेऊन परत जामखेडच्या गाडीत बसते, हे तुला खटकलं नाही का? नाही खटकलं! वाढप्याच्या जिलेबीत मला काळंबेरं दिसतं, पण त्या पोत्यात दिसलं नाही. उलट कंडक्टरला मी दम दिला. म्हटलं, पोतं नीट सरकवा, एकटी बाईमाणूस आहे. तिला खिडकीत जागा करून दिली, वर हातही हलवला. तिनं हलवला नाही. मला वाटलं, दमली असेल.

गाडी गेली. आम्ही आणखी वाट बघितली. कुणीच येईना. मी म्हटलं, "बघा, मी काय सांगत होते? माणूस आलाच न्हाई. लबाड तो लबाडच. लावा फोन, ऐकवतेच त्याला चार शब्द."

शेजारीच एसटीडी. ह्यांनी नंबर फिरवला आणि मी रिसीव्हर हिसकावून घेतला.

"हॅलो! नगरचे ऑनेस्ट का?"

"हो, हो! घाटनांदूरच्या ताई ना?" पलीकडचा माणूस आनंदानं बोलला. "मिळाली का मशीन? आवडली ना?"

"कुठली मशीन? तुमी आलाच न्हाई!"

"अहो, मला सुट्टी मिळाली नाही, दुपारपाळीला निघालोच होतो. म्हणून मिसेसला पाठवलंय. मशीन तिचीच, लिलावाला फक्त मी टाकली. तुमच्याकडनं बाईमाणूस बघायला येणार म्हणालात, म्हटलं दोघींचं जमेल. केव्हाच पोहोचली असेल ती. हिरवी साडी आहे बघा. पोतं असेल बरोबर."

मी डब्याच्या काचेतनं आमच्या रिकाम्या बाकाकडं बघितलं. 

"आणि ताई, ती जरा बोलायला लाजते," तो माणूस सांगतच होता. "मी तिला बजावलंय, ह्या साईटवर लोक लई फसवे असतात. आधी माणूस कसा आहे ते बघ, मगच पोतं उघड."

मी रिसीव्हर ह्यांच्या हातात दिला आणि बाहेर आले. रस्ता मोकळा. एसटी गेली ती गेलीच. हे बाहेर आले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काहीसुद्धा बोलले नाहीत. केजपर्यंत नाही, अंबाजोगाईपर्यंत नाही. फक्त अधनंमधनं त्यांचे खांदे हलत होते.

घरी आल्यावर मला जेवण जाईना. बाकी सगळं राहू द्या, मशीन माझी होती हो! स्वतःच्या दोन हातांनी मी ती गाडीत चढवून दिली होती. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून एसटीडीच्या डब्यात शिरले आणि नगरला फोन लावला. तिनंच उचलला. मी एका दमात माफी मागितली. लबाड म्हटलं, मेला म्हटलं, गचांडी म्हटलं, सगळ्याची वेगवेगळी मागितली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मशीन देईन मी. चांगल्या हातात जावी असं मलाही वाटतं. पण माझ्या दोन अटी आहेत."

"सांगा ताई, कायबी सांगा."

"पैसे आधी पाठवायचे. सगळे. ते मिळाल्याशिवाय मी पोतं बांधणार नाही."

घड्याळाचे छापलेले काटे माझ्या डोळ्यांपुढं आले. पण म्हटलं, "बरं. आन् दुसरी?"

"मशीन न्यायला तुम्ही यायचं नाही. त्या कोपऱ्यात भजी खात बसलेल्या तुमच्या मालकांना पाठवा. माणूस भरवशाचा दिसतो."