मोटारीच्या टपाला कल्हई

सहदेव कल्हईवाल्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. समोरचा काय सांगतोय ते पुरतं ऐकायच्या आधीच ‘हाव, होते नं’ म्हणून तो मोकळा व्हायचा. भांड्यांना कल्हई करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. पण साखरखेर्ड्याच्या बाजारात लोक त्याच्याकडे कंदील आणत, मोडक्या छत्र्या आणत. एकदा भजनी मंडळाने चेपलेला भोंगा आणून दिला. सहदेवने तो ठोकून ठोकून सरळ केला. त्यानंतर भजन विहिरीतून आल्यासारखं ऐकू यायचं, पण मंडळी म्हणाली, पहिल्यापेक्षा गोड वाटते.

त्याची बायको चांगुणा भात्यावर बसायची. भाता ओढता ओढता नवऱ्याने घेतलेली निम्मी कामं परत पाठवणं हेही तिचंच काम.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावातले बागायतदार भगवानराव पाटील यांनी जालन्याहून एक जुनी काळी मोटार विकत आणली. गाव हरखून बघायला जमलं. नाराज होत्या त्या फक्त पाटलांच्या पत्नी मनकर्णाबाई. मोटारीच्या टपावर पुढून मागे गेलेल्या दोन शिवणी होत्या. पत्र्याला पत्रा जोडला होता तिथे बोटभर खाच राहिली होती आणि तिच्यात गंज धरला होता. पहिल्याच फेरीत वाटेत सर आली. खाचेत साचलेलं पाणी आत झिरपलं आणि नेमकं मनकर्णाबाईंच्या नव्या लुगड्यावर ठिबकू लागलं.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “ठिगळाच्या गोधडीखाली मी बसत नाई. टप सपाट करा, मंगच मले बोलवा.”

जालन्याचे कारागीर मोटार महिनाभर ठेवून घेतो म्हणाले. पाटलांना ती एक दिवसही नजरेआड करवत नव्हती. ते सहदेवकडे आले.

“सहदेव, ह्या शिवणी बुजवून टप असा कर, का हात फिरवला तं...”

“हाव, होते नं!”

पाटील गेल्यावर चांगुणाने भाता सोडला. “अवो, मोटारीले हात तरी लावला काय कधी?”

“अवं, मोटार म्हंजे तरी काय? पालथं घातलेलं पातेलं.”

“पातेल्यात पाटलीनबाई बसत नसतात.”

पण शब्द तर गेला होता. सहदेवने टपाच्या आतलं कापड उतरवलं, खाचांतला रंग नि गंज वाळूने घासून काढला. रॉकेलची, हवा भरून पेटवायची बत्ती घेतली, पत्रा तापवला, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला. मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसलं, तशी शिवण चांदीच्या तोड्यासारखी लखलखली. बघ्यांनी वाहवा केली. सहदेवला चेव चढला. आता शिसं नि कथील वितळवून खाच भरायची म्हणून त्याने एका दमात हातभर पत्रा तापवला.

‘टण्ण!’

टपाचा पत्रा पुरीसारखा फुगला. सहदेवने घाईघाईने दाबला, तर पलीकडे फुगला. तिकडे दाबला, तर मध्ये खळगा पडला. बघे खदखदा हसू लागले. पाटील समोरच्या ओट्यावरून उठून उभे राहिले. सहदेवने बत्ती खाली ठेवली.

“चांगुणे, मी हाव काऊन म्हणलो वं?”

कल्हईची तापलेली भांडी ओल्या फडक्याने थंड करायची चांगुणाला सवय होती. तिने गोणपाट पाण्यात बुडवून फुगवट्यावर टाकलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली आणि फुगवटा हळूहळू खाली बसला.

“चिमूट चिमूट तापवा,” ती म्हणाली. “दोन्ही अंगाले ओलं फडकं ठेवा. मोठ्या पंगतीचा भात शिजवून राह्यले काय?”

मग ती पोळपाट घेऊन मोटारीत शिरली आणि पत्र्याला आतून टेकू देऊ लागली. वरून सहदेव तेलात बुडवलेल्या बाभळीच्या फळीने मऊ झालेलं शिसं खाचेत सारायचा. “दाब!” “दाबलं!” “सोड!” “सोडलं!” असा पुकारा बाजारभर ऐकू जायचा. खाचा भरल्या, मग कानशीने घासणं सुरू झालं. सहदेव डोळे मिटून तळहात फिरवायचा, पुन्हा घासायचा.

मनकर्णाबाई पाहायला आल्या. एक बोट फिरवून म्हणाल्या, “इथं लागते.” दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, “अन् इथं.” तिसऱ्या खेपेला त्यांनी पूर्ण टपावर पंजा फिरवला, पाण्याची घागर मागितली आणि टपावर उपडी केली. पाणी कुठेच थांबलं नाही. सरसर घसरत गेलं आणि पुढे कौतुकाने उभ्या असलेल्या पाटलांच्या धोतरावर पडलं.

मनकर्णाबाई भर बाजारात खो खो हसल्या. आत वाकून पाहिलं, गादी कोरडी होती.

मेहकरच्या रंगाऱ्याने काळा रंग चढवल्यावर शिवण कुठे होती ते सहदेवलाही सांगता येईना. पुढे बीबी गावच्या जिपा आल्या, ट्रॅक्टरची मडगार्डं आली. घरोघरी स्टीलची भांडी आली तरी त्याची बत्ती विझली नाही. टपाची गोष्ट निघाली की चांगुणा मात्र लोकांना दुसरंच सांगायची. ती सांगायची सुलतानपूरच्या फेरीबद्दल.

रंग वाळल्यावर मनकर्णाबाई माहेरी सुलतानपूरला निघाल्या आणि या दोघांनाही त्यांनी मोटारीत घेतलं. सहदेव जन्मात मोटारीत बसला नव्हता. पहिल्या वळणावर त्याचा चेहरा पिवळा पडला, दुसऱ्यावर त्याने तोंड दाबून धरलं. बाभळीच्या बनाशी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावून तो उतरला आणि रस्त्याकडेला जाऊन ओकला.

“चांगुणे, उतर,” तो कसाबसा म्हणाला. “आपण पायी जाऊ.”

चांगुणा मनकर्णाबाईंना टेकून बसली होती. तिने पदर सावरला.

“तुमी या सावकाश. हवा चांगली हाये,” ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला सांगितलं, “चालू द्या हो, भाऊ.”