खजुरीत कोरलेली रेणुका

छापचित्रं शिकायला खजुरीला निघाले, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "पुण्यात कुणी शिकवत नाही का?" शिकवतात. पण वर्षभर मला काही सुचत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं. सहा दिवसांच्या निवासी शिबिराची जाहिरात दिसली आणि मी फॉर्म भरला.

सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे उमरग्याला एसटी, तिथून कर्नाटकातल्या आळंदची बस; खजुरी वाटेतच लागतं. भाडं किरकोळ आहे, पण सुटे पैसे ठेवा आणि कंबरेचीही काळजी घ्या. दोन्ही बाजूंना कापून नेलेल्या तुरीची रानं आणि वर मळकट आभाळ. माझं मनही तसंच होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये शिबिराच्या सरांनी लाकडी फळी, कोरण्या आणि रोलर दिला. "फळीवर उलटं कोरा, कागदावर सुलटं उतरतं," हे पहिल्याच दिवशी सांगितलं. मी शहाण्यासारखी मान डोलावली. जेवण शांताक्का करायच्या: कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी. चटणी बेतानेच घ्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कनवटीतून एक पासपोर्ट फोटो काढला. त्यांची लेक रेणुका, दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. फोटो भिजून कडेने उडाला होता.

"ताई, एवढाच हाय. मोठा करून देताव का? भिताडाला लावते."

सर कागद आणायला कलबुर्गीला गेले होते. मी दोन दिवस मान मोडून कोरलं. उजव्या नाकपुडीत चमकी, उजव्या डोळ्याखाली तीळ, फोटोत दिसलं अगदी तस्सं. पाचव्या दिवशी संध्याकाळी हौसेने एकापाठोपाठ सात कागद छापले. मग शांताक्कांना हाक मारली.

त्या कागदावर वाकल्या. "चमकी तिकडं कामून गेली वो, ताई? तीळबी तिकडंच. ही माझी रेणुका न्हाई."

सुलटं कोरून बसले होते मी. माफी मागितली, पण सकाळी माझी गाडी होती आणि नवी फळी कोरायला वेळ नव्हता. "पुन्हा येईन तेव्हा..." म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

त्यांचं लक्ष शाईने काळ्या झालेल्या फळीकडे गेलं. त्यांनी बोटाने तीळ चाचपला.

"हिच्यात बराबर हाय की. ही नेऊ का?"

"अक्का, शाई ओली आहे अजून."

"व्हय, असू द्या." फळी पदरात गुंडाळून त्या गेल्या.

घरी येऊन आठवडा झाला. कोरणी धरायला शिकले, हे खरं. आई म्हणते, चेहरा छान उतरलाय, एखादा भिंतीवर लाव. सात कागदांवर तीच एक बाई आहे, नाकीडोळी नीटस, आणि ती कुणाचीच लेक नाही. लावायचं मन होत नाही, फाडायला हात धजत नाही.