आपापली खुर्ची

पाहुण्यांसाठी इतका हपापलेला माणूस मी नेदरलँड्समध्ये तर नाहीच, पण उभ्या महाराष्ट्रातही पाहिलेला नाही. हे रायस्वाइक गावचे काका माझे सख्खे काका नव्हेत. आईच्या मावसबहिणीच्या जावेचे ते भाऊ, म्हणजे नातं लावायला बसलं तर कोणीच नव्हेत. पण मी शिकायला वाखनिंगनला आले त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "अगं, तू आमची मुलगी, आणि अजून जेवायला आली नाहीस?" जणू मी वर्षानुवर्षं त्यांचं घर टाळत होते! त्यांच्या दारात आलेला माणूस न खाता परत गेला, असं कधी घडलं नाही. पार्सलवाल्याला ते आधी बसवत आणि मग सही करत. खेमेन्तेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, एक माणूस समोरचं झाड पाडायचं की ठेवायचं ते बघायला आला होता. तो दोनदा पोहे खाऊन गेला आणि झाड अजून उभं आहे. घरच्या डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून गोड बंद केलं, तेव्हा काकांनी बेसनलाडवांचा अख्खा डबा डॉक्टरांनाच नेऊन दिला. "ते म्हणाले घरात ठेवू नका. मग ठेवायचा कुठे?" हे त्यांचं स्पष्टीकरण.

अशा माणसाला नशिबाने आणून टाकलं होतं ते डच लोकांच्या शेजारात. हे लोक वाईट नाहीत, मी तर आता त्यांच्यातलीच होत चालले आहे, पण त्यांच्या घरी जायचं तर तीन आठवडे आधी वार आणि वेळ ठरवावी लागते. काका मात्र सगळ्या गल्लीला म्हणत, "कधीही या." डच माणसाला 'कधीही या' म्हटलं की तो कधीच येत नाही, कारण 'कधीही' हा वार त्याच्या कॅलेंडरात नसतो. असे दिवस जात राहिले, चिवड्याचे डबे भरत आणि आपोआप रिकामे होत राहिले, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी एक दिवस जाहीर केलं की पाहुणे घरी येत नसतील तर घरच पाहुण्यांकडे न्यायचं. म्हणून त्यांनी कॅरव्हान, म्हणजे मोटारीमागे जोडायचं फिरतं घर, घेतली. इतर लोक कॅरव्हान घेतात ती माणसांपासून लांब जायला. काका ती घेऊन थेट कॅरव्हानवाल्यांच्या एका क्लबात शिरले. क्लबातली सगळी मंडळी निवृत्त, गोरी, उंच आणि गुडघ्यांनी बेजार. वसंतापासून शरदापर्यंत ही मंडळी कुठल्या ना कुठल्या खेड्यात शेतकऱ्याच्या कुरणावर गाड्या लावून जमत. वाखनिंगनजवळच्या मेळाव्यांना मी सायकल मारत जायची, त्यामुळे पुढचं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिल्याच मेळाव्याला काकांनी कॅरव्हानच्या दाराशी कापडी मांडव घातला आणि सगळ्यांना दुपारी चार वाजताचं आमंत्रण दिलं. वेळ सांगायला ते एव्हाना शिकले होते. बरोब्बर चारला सगळे आले. प्रत्येकाच्या काखेत स्वतःची घडीची खुर्ची, हातात स्वतःचा कप. ही इथली रीतच आहे: कुणाकडे जमायचं असलं की आपली खुर्ची आणि आपला कप आपण न्यायचा, यजमानाला ओझं नको. काकांचा चेहरा मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. कॅरव्हानमध्ये खुर्च्या होत्या दोनच हे खरं, पण त्यांनी शेतकऱ्याकडून बाकडी मागून आणून वर चादरी अंथरल्या होत्या. "बाकडी आहेत, कपही आहेत!" ते म्हणाले. तेव्हा शेजारच्या कॅरव्हानमधले हेंक, पाच मिनिटांत पाच शब्द बोलणारा हा माणूस, खुर्ची उघडत शांतपणे म्हणाले, "आमचं सगळं आमच्याजवळ आहे." आणि बसले. चादरी घातलेली बाकडी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. ते वाक्य काकांना पुढे कित्येक वर्षं बोचत राहिलं. "आमचं सगळं आमच्याजवळ आहे म्हणे! मग आमच्याकडे येता कशाला?" असं ते गाडी चालवताना, भाजी चिरताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही म्हणाले.

पुढच्या मेळाव्याला काका खुर्च्या घेऊन आले. मऊ पाठीच्या, हात टेकायला लाकडी पट्ट्या असलेल्या, सबंध क्लबाला पुरून उरतील इतक्या. त्या ठेवल्यावर कॅरव्हानमध्ये माणसांना जागा उरली नाही आणि काकू पाय पोटाशी घेऊन झोपू लागल्या. "आमची कॅरव्हान नाही गं," त्या मला म्हणाल्या, "चाकांवरचं मंगल कार्यालय आहे. फक्त वऱ्हाड येत नाही." काकू कमी बोलत, पण बोलल्या की काकांचा फुगा बरोबर फुटायचा आणि तो फुटल्यावर काकाच आधी हसायचे. लोक आले ते पुन्हा आपापल्या खुर्च्या घेऊन. काकांनी मग युक्त्या सुरू केल्या. हेंकना पाठदुखी आहे म्हणून त्यांनी खास उंच पाठीची खुर्ची आणली. हेंक म्हणाले, माझ्या पाठीला माझ्याच खुर्चीची सवय आहे. एकदा काकांनी हेंकची खुर्ची चक्क कॅरव्हानखाली लपवली. हेंकनी मांडवभर शोध घेतला, मग आपल्या कॅरव्हानमध्ये गेले आणि बायकोची खुर्ची घेऊन आले. मग बायको स्टुलावर बसली, तेही अर्थात त्यांचंच. खायला मात्र काकांनी कुणाला सोडलं नाही. डच माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याला खरोखर नको असतं, आणि आपल्याकडे 'नको' म्हणजे आग्रहाला सुरुवात. त्या एका घोटाळ्यात हेंकनी कांदाभजी किती खाल्ली असतील ते त्यांच्या पोटालाच ठाऊक.

मला एकदा राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, बसले ना ते? खाल्लं ना? खुर्ची कुणाची याने काय फरक पडतो?" आम्ही दोघं तेव्हा न वापरलेल्या खुर्च्या पुसून आत ठेवत होतो. त्यांनी हातातली खुर्ची बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लहानपणी आमच्या घरात खुर्ची एकच होती. दुसरा पाहुणा आला की आई मला मागच्या दाराने शेजारी पिटाळायची, खुर्ची मागायला. शेजारीण देताना म्हणायची, 'आज कोण आलंय?' मी खुर्ची डोक्यावर घेऊन यायचो तोवर तो माणूस उभा असायचा आणि आई पदराचं टोक पिळत त्याच्याशी हवापाण्याचं बोलत असायची. तेव्हा ठरवलं, माझ्या घरी आलेला माणूस उभा राहणार नाही. आणि हे लोक बघ. मी द्यायच्या आधीच बसलेले असतात." त्या दिवसापासून मी तरी नेमाने त्यांच्या मऊ खुर्चीत बसायला लागले, पण माझं बसणं कुठे हिशेबात? मी घरचीच.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. पानगळीत थकवा म्हणून तपासायला गेल्या आणि नाताळचे दिवे लागलेल्या रस्त्यांवरून आम्ही त्यांना न घेता घरी आलो. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, तो धावत आला आणि रजा संपल्यावर रडत परत गेला. इथे दहनानंतर दिवाणखान्यासारख्या एका दालनात कॉफी आणि केक देतात. ते सगळं तिथली माणसंच बघतात. पण काका काळ्या कोटात प्रत्येकासमोर जाऊन विचारत होते, "केक घेतलात का? अजून एक घ्या ना." लोक घेत होते. त्यांना हो म्हणण्यावाचून दुसरं काय करता येणार होतं? मी मात्र तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले.

घरी भेटायला आपली मराठी मंडळी आली. काकांनी कॅरव्हानमधल्या सगळ्या खुर्च्या आणून बैठकीच्या खोलीत मांडल्या होत्या. वर्षानुवर्षं ज्यांची वाट पाहिली ते पाहुणे अखेर आले, त्या खुर्च्यांवर बसलेही, आणि काका चहा टाकायला उठले की म्हणत, "नको काका, अशा वेळी चहा नसतो." आपल्याकडे सुतकाच्या घरात पाहुणचार करत नाहीत. शेजारचे जेवण आणतात, येणारा नुसता बसतो आणि न सांगता उठतो. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाला दुःखात करण्यासारखं एवढं एकच येत होतं, त्याचे हातच बांधल्यासारखे झाले. तेरावा झाला, लोक यायचे थांबले. खुर्च्या तशाच राहिल्या. मी आता स्लोटरडाइकला नोकरी करते. ऑफिसातून परस्पर रायस्वाइकला गेले की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत त्या रिकाम्या खुर्च्यांमधून अंग चोरत जावं लागे. "आवरू का?" मी विचारलं. "राहू दे," ते म्हणाले, "कुणी आलं तर?" कुणी येणार नव्हतं. संध्याकाळी ते त्या गर्दीत एका कोपऱ्यात बसत, आणि मला त्या खुर्च्यांचा इतका राग यायचा की एकेक उचलून रस्त्यावर फेकावी.

वसंतात क्लबच्या अध्यक्ष खेर्दाबाईंचा फोन आला. हेंकच्या शेजारची जागा नेहमीसारखी राखून ठेवली आहे, एवढंच त्या म्हणाल्या. काका आधी नाही म्हणाले, मग मला म्हणाले, तू येत असशील तर जाऊ. वाटभर मी काकूंच्या जागी बसले होते आणि वळणावर 'हळू' म्हणायचं काम त्यांचं होतं हे मला सारखं आठवत होतं. कुरणावर पोचलो, मांडव घातला आणि काकांनी कॅरव्हानचं दार उघडलं. आत काका-काकूंच्या जुन्या दोन खुर्च्या तेवढ्या होत्या. बाकी सगळ्या रायस्वाइकला बैठकीच्या खोलीत. चहापत्ती नव्हती, चिवडा नव्हता, दूध नव्हतं. ती सगळी बांधाबांध काकूंची असे. काका दारात उभेच राहिले. "अगं, चार वाजले की लोक येतील. बसवू कुठे त्यांना? आता मी खुर्च्या मागायला कुणाकडे जाऊ?" सत्तरी उलटलेला तो माणूस त्या क्षणी खरोखरच खुर्ची मागायला निघाला होता. मी त्यांचा हात धरून ठेवला.

आणि चार वाजले. कुरणाच्या त्या टोकाकडून ते आले. खेर्दाबाई, हेंक, हेंकची बायको, त्यांच्यामागे बाकीचे, लंगडत, सावकाश. प्रत्येकाच्या काखेत खुर्ची, हातात कप. काका पुढे झाले. "माझ्याकडे आज काहीच नाही," ते कसेबसे म्हणाले. "चहासुद्धा नाही." हेंकनी आपली खुर्ची उघडली, गवतावर नीट टेकवली आणि काकांकडे पाहून म्हणाले, "आमचं सगळं आमच्याजवळ आहे. तू बस."

काका बसले. मला म्हणाले, "तिच्या खुर्चीत तू बस गं, रिकामी दिसायला नको." सगळे गोल करून बसले होते. कुणी सांत्वन केलं नाही, कुणी काकूंच्या आठवणी काढल्या नाहीत. खेर्दाबाईंनी थर्मासमधून कॉफी ओतली, एक जादा कप आणला होता तो काकांच्या हातात दिला, आणि मग कितीतरी वेळ सगळे नुसते कुरणाकडे बघत राहिले. काका माझ्याकडे वाकून हळूच मराठीत म्हणाले, "सुतकात घरच्यांनी उठायचं नसतं, हे यांना कुणी सांगितलं?" आणि मग ते रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, यजमानपण बाजूला ठेवून, उघड्यावर रडले. हेंकनी मान वळवली नाही, फक्त आपली खुर्ची सवयीच्या जागेवरून जराशी काकांकडे सरकवली.

सहाला इथे जेवायची वेळ होते. सगळे उठले, कप गवतावर झटकले, खुर्च्या मिटल्या आणि काखेत घेऊन जसे आले तसे गेले. मांडवासमोर दबलेलं गवत तेवढं उरलं. काका बराच वेळ तिकडे पाहत होते. "बघ," ते म्हणाले, "आपल्याकडे माणसं जातात आणि खुर्च्या राहतात. यांनी एकही रिकामी खुर्ची मागे ठेवली नाही."

घरी परतल्यावर त्यांनी त्या सगळ्या मऊ खुर्च्या इथल्या मराठी लोकांच्या गणपती मंडळाला देऊन टाकल्या. तिथे त्यांच्यावर माणसं बसतात, एवढं मी पाहिलं आहे. काका अजून पोहे करतात, पार्सलवाल्याला अजून सोडत नाहीत. मला त्यांचा फोन येतो, पण आता 'कधीही ये' म्हणत नाहीत. "शनिवारी चार वाजता ये," म्हणतात, आणि फोन ठेवता ठेवता, "येताना तुझी खुर्ची आण हं." मी आणते. तास-दोन तास आम्ही बसतो, मग मी निघते, खुर्ची मिटून डिकीत टाकते. मी ती विसरून तर जात नाही ना, ते बघायला काका फाटकापर्यंत येतात.