गाडीच्या तळाची भोकं

मालवणात खाजगी मोटारी हाताच्या बोटांवर मोजता येत, त्या काळात मी मोटार घेतली. पुढे त्याच मोटारीच्या दारात माझी बोटं अनेकदा चेंगरली. गाडी नवी आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने ती वर्षभर वापरून मला दिली होती आणि देताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याचा मोठेपणा समजलो. माझा काजूचा लहानसा कारखाना होता. त्याला मोटारीची गरज होती असं मी घरी पटवून दिलं. कारखाना घरापासून इतका जवळ होता की गाडी सुरू करून मागे वळवायला लागणाऱ्या वेळात मी चालत गेलो असतो तर परत येऊन जेवणसुद्धा झालं असतं.

फोंडा घाट उतरून गाडी घरी येईपर्यंत तिच्या खोड्या कळायला लागल्या होत्या. डावीकडे वळताना भोंगा आपोआप वाजायचा. आमच्या देवळाकडे जायची वाट डावीकडे असल्यामुळे पुजारी रोज मला बाहेर येऊन नमस्कार करू लागला. काच खाली करायची मूठ फिरवली की ती हातात यायची. मागचं झाकण खड्ड्यात उघडायचं आणि मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्यांना माझे काजू दिसायचे. पुढच्या फळीवरचं घड्याळ गाडी उभी असतानाच चालायचं. ह्या सगळ्यांवर माझा एकच इलाज होता. खडखड सुरू झाली की मी मोठ्याने बोलायला लागायचो. बायको म्हणायची की गाडी घेतल्यापासून तुमचा आवाज भजनी बुवासारखा झाला आहे.

हे सगळं मी लपवत होतो ते लोकांपासून नव्हे, वडिलांपासून. वडील तांडेल होते. त्यांचं स्वतःचं गलबत होतं. मीठ, मंगलोरी कौलं, लाकूड, जे मिळेल ते भरून ते मालवण ते मुंबई आणि खाली थेट मंगळूरपर्यंत जात. मग माल ट्रकने जायला लागला आणि गलबताला भाडं मिळेना. शेवटी त्यांनी स्वतःच ते विकलं. त्या दिवसापासून ते ओटीवर, समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. बोलणं जवळजवळ बंद. पुढ्यात आलेला भात चिवडायचा आणि हात धुवायचे. धिप्पाड माणूस सदऱ्याच्या आत दिवसेंदिवस आटत चालला होता. ते असेच बसून संपणार, अशी भीती मला वाटायची. आणि ज्या चार चाकांनी त्यांचं गलबत बुडवलं तीच मी हौसेने दारात आणून उभी केली होती. गाडीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

श्रावणात एकदा मी बायकोला तिच्या माहेराहून घेऊन आलो. वाटेत सरी येत होत्या. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी गळत होतं, थोडं माझ्या गुडघ्यावर आणि बाकीचं बायकोच्या डोक्यावर. ती बिचारी गाडीच्या आत छत्री उघडून बसली होती. अंगणात गाडी थांबली तेव्हा आधी छत्री बाहेर आली, मग बायको. ओटीवरून एक विचित्र आवाज ऐकू आला. आधी मला वाटलं, वडिलांना ठसका लागला. ते हसत होते. गलबत विकल्यापासून पहिल्यांदाच. मग ते उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला विचारलं, "पाणी खंयसून येता?"

मी म्हटलं, "थोडासाच येता, बाबा. नवीन गाडयेत येता असा."

"माका शिकव नको. आत बस आणि बघ."

मी आत बसलो. वडिलांनी कळशीने टपावर पाणी ओतायला सुरुवात केली. थेंब कुठून पडतो ते मी आतून ओरडून सांगायचं आणि त्यांनी बाहेरून खडूने खूण करायची. गल्लीतली माणसं कुंपणाशी जमा झाली. मोटारीचा मालक आत भिजत बसला आहे आणि त्याचा बाप वरून पाणी ओततो आहे, हे दृश्य त्यांना फुकट बघायला मिळत होतं. माझी गाडीवाला म्हणून जी काही प्रतिष्ठा होती ती त्या कळशीबरोबर वाहून गेली. पण वडील मला हुकूम सोडत होते आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटत होतं की मी आणखी एक कळशी ओता म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पडवीत तीन दगडांवर टोप चढला. चंद्रुसाची राळ आणि तेल कढवून चिकट लुकण तयार झालं. गलबताच्या फळ्यांच्या फटी बुजवायची तीच पद्धत. कापसाची वात वळायची, फटीत ठासायची, वरून लुकण फिरवायचं. वडिलांची ती अवजारं इतके दिवस माळ्यावर पडली होती. ती त्यांनी स्वतः चढून काढली. काचेची गळती थांबली आणि ती कायमची थांबली, हे मला कबूल करायला हवं. त्या रात्री वडिलांनी बांगड्याच्या कढीबरोबर भात मागून घेतला. बायको माझ्याकडे बघत राहिली.

मग त्यांनी गाडीखाली गोणपाट अंथरून आत डोकं घातलं. थोड्या वेळाने खालून संतापलेला आवाज आला.

"अरे झिला, तळाक भोका आसत!"

मी वाकून पाहिलं. चारही दारांच्या खालच्या कडेला लहान लहान भोकं होती. कारखान्यातूनच पाडलेली असावीत, इतकी सारखी.

"कंपनीन कित्याक तरी ठेवली असतीत," मी म्हटलं.

"तळाक भोक ठेवणारी कंपनी दर्यार गेली नाय कधी. भोक दिसला की बुजवूचा."

मी विज्ञानाचा पदवीधर. पाण्याच्या दाबावर मला कॉलेजात चांगले मार्क मिळाले होते. मला क्षणभर तरी शंका यायला हवी होती. पण तांडेलाच्या घरात जन्मलेल्या माणसाला तळाचं भोक ह्या दोन शब्दांपुढे दुसरं काही सुचत नाही. मीच हातोडी आणली, मीच वाती वळून दिल्या आणि एकेक भोक आम्ही दोघांनी मिळून असं ठासलं की वडील म्हणाले, ही आता मंगळूरला जाईल. शिवाय खालच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून मोरी माशाच्या काळजाचं तेल फासलं. होड्यांना लावतात तेच. नंतर कितीतरी दिवस मी बाजारात गाडी लावली की मांजरं तिच्याखाली सभा भरवून बसत.

पाऊस चालूच होता. गाडी हळूहळू जड झाली. दार उघडायला जोर लागायला लागला. वळणावर आतून खळखळ आवाज येई. मी वडिलांना सांगितलं, तर ते समाधानाने म्हणाले की बूड जड असलं म्हणजे होडी कलंडत नाही. मलाही ते पटलं. खरं सांगतो, गाडी रस्त्याला धरून चालते आहे असं मी दोन-तीन जणांना अभिमानाने ऐकवलंसुद्धा.

अशात एका दुपारी आमच्या मामलेदारसाहेबांना मी आग्रहाने गाडीत घेतलं. कचेरीतून त्यांच्या बंगल्यापर्यंत. साहेब देशावरचे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या विजारीतले. उतारावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि साहेबांच्या बाजूच्या दाराचा आतला पुठ्ठा, जो बिचारा आठवडाभर पाणी पीत होता, एकदम फुटला. दारात साठलेलं सगळं पाणी साहेबांच्या मांडीवर आलं. त्यात कापसाचे पुंजके होते आणि कसला तरी माशाचा वास होता.

साहेबांनी विजारीवरचा कापूस चिमटीने वेचून बाजूला ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "आपल्या गाडीत विहीर आहे, हे आधी सांगायला हवं होतं."

कुडाळहून मिस्त्री बोलावला. तो गाडीखाली शिरला आणि पोट धरून बाहेर आला. "कोणी बुजवल्यान ही भोका? अहो, दारात शिरलेला पाणी भायर जावक ती ठेवलेली असतत!"

मी समोरच्या माडाकडे बघायला लागलो. माडाला नारळ बरे धरले होते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याच्या नावावर हे ढकलावं असं मनात येतच होतं, तेवढ्यात वडील पुढे झाले. "मी बुजवलंय."

"तांडेलांनू, ह्या गलबत न्हय!" मिस्त्री म्हणाला आणि परत हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कुंपणापलीकडचे लोकही हसले. वडील ओटीवर गेले आणि समुद्राकडे पाठ करून बसले. मिस्त्रीने भोकं मोकळी केली, भोंगा दुरुस्त केला, मूठ घट्ट बसवली, झाकणाला नवी खिट्टी लावली. गाडी इतकी गुणी झाली की मला तिचा राग यायला लागला. वडील पुन्हा भात चिवडायला लागले. बायको ताट उचलताना माझ्याकडे बघे आणि मी दुसरीकडे बघे. एवढी हौसेची गाडी, पण ती मुकाट चालायला लागल्यापासून घरात कुणालाच नकोशी झाली होती.

एके सकाळी गाडी फाटकातून बाहेर काढताना आतून खण्ण असा आवाज आला. मी थांबलो. पुन्हा थोडी पुढे घेतली, पुन्हा खण्ण. ओटीवर वडिलांनी मान वळवली. मी मुद्दाम गाडी अंगणात पुढे-मागे केली. थोड्या वेळाने ते उतरून आले, मला हाताने बाजूला केलं आणि सीटखाली हात घालून मिस्त्रीने विसरलेला पाना बाहेर काढला. तो उंच धरून ते इतक्या जोरात हसले की कुंपणावरचे कावळे उडाले. "मिस्त्री म्हणे! स्वताचा हत्यार सांबाळूक येना नाय!" त्या दिवशी त्यांनी तळलेल्या सुरमईचे तुकडे मागून घेतले आणि ती गोष्ट शेजाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. पाना मात्र परत दिला नाही.

इतकं झाल्यावर माझ्यासारख्या मठ्ठ माणसाच्याही डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून मी अधूनमधून गाडीतला एखादा स्क्रू ढिला करून ठेवायला लागलो. कधी पायरीच्या पट्टीचा, कधी दिव्याच्या कडीचा, कधी आरशाचा. मग फाटकातून गाडी आत घेताना चेहरा चिंतातूर करायचा आणि म्हणायचं, "बाबा, कसलो तरी आवाज येता." मी चांगला नट आहे अशी माझी समजूत होती. वडील तो पाना घेऊन उतरत, कान लावत, मला कंपनीबद्दल दोन शब्द ऐकवत आणि स्क्रू आवळून हात पुसत जेवायला बसत. जेवणही नीट जाई. उरलेला सगळा पावसाळा असा गेला. कोल्हापूरच्या त्या व्यापाऱ्याची गाडी भलतीच खिळखिळी निघाली असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी मान खाली घालून ऐकून घेई.

एकदा आरशाचाच स्क्रू होता. वडिलांनी तो आवळला, परत सोडला, हातात घेऊन उजेडात धरला आणि बोटाने चाचपला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "झिला, उद्या दुसरो खंयचो तरी सोड. सोडून सोडून ह्येचे आटे झिजले."

मी हात पुढे केला. त्यांनी तो स्क्रू माझ्या हातावर ठेवला, पाना कमरेला खोचला आणि ओटीच्या पायऱ्या चढता चढता मागे वळून सांगितलं, "पण ब्रेकाकडे जाव नको हां."