मठ हलला, आई हलेना

वडील गेल्यापासून आई पुण्यात एकटी राहते. ती अमेरिकेत, चँडलरला आमच्याकडे आली की तिला कायमची ठेवून घ्यायचा बेत मी दर वेळी करायचे आणि ती दर वेळी तो हाणून पाडायची. "देवघर हलवायचं नसतं," हे तिचं ठरलेलं उत्तर. अशात मला कळलं, की तासाभरावर वाळवंटात एक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठ आहे आणि तो अख्खाच्या अख्खा दुसऱ्या राज्यातून हलवून आणलाय. म्हटलं, चला, आईला दाखवू या.

दारातच नवऱ्याची हाफ पँट आडवी आली. मठातली ढगळ विजार चढवल्यावरच त्याला आत सोडलं. आई मात्र डोक्यावर पदर घेऊन ऐटीत पुढे. देवाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून तिने नारळ आणला होता. म्हाताऱ्या संन्याशाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याचं काय करायचं ते न कळून तसाच धरून आम्हाला चित्रं दाखवत फिरला.

लाकडी फळ्यांवर संतांची चित्रं होती, मागे सोन्याचा वर्ख. "डोळे छान काढलेत, नाकं जरा लांबलीत," आई म्हणाली. मी निम्मंच भाषांतर केलं. रंग अंड्याच्या बलकात कालवतात, असं संन्यासी म्हणाला, तेही मी गिळलं. आई तेव्हा चित्राला हात लावून नमस्कार करत होती.

जुन्या जागेभोवती गाव वाढलं, शांतता गेली, म्हणून मठातले सगळे तिथून निघाले, असं त्याने सांगितलं. चित्रं ब्लँकेटांत गुंडाळून व्हॅनमधून आणली आणि भिंती उभ्या राहायच्या आधी तंबूत त्यांच्यापुढे दिवा लावला.

"बघ, देवही हलतात," मी म्हटलं.

"त्याला विचार, सगळे लगेच आले का?"

संन्यासी हसला. "मी सर्वांत म्हातारा. सहा वर्षं हे लोक मला या, या म्हणत होते. म्हणायचे थांबले, तेव्हा आलो."

हेही गिळावं असं मनात आलं, पण आई म्हणाली, "राहू दे, एवढं इंग्लिश येतं मला."

तिकीट होतं त्या दिवशी आई परत गेली. मी विचारणं बंद केलं. फार जड गेलं. दोन वर्षं फोनवर फक्त हवा, भाजी आणि तिचे गुडघे.

परवा फोनवर तिचं गुडघ्यांचं सांगून झालं. मग म्हणाली, "काय गं, हल्ली मला ये म्हणत नाहीस?"