गण संपेपर्यंत पान हलणार नाही

नाव : कुमारी राही रावजी शितप. राहणार : मुक्काम पोस्ट हातखंबा, तालुका व जिल्हा रत्नागिरी. वडिलांचा व्यवसाय : हमरस्त्यालगत चहाची टपरी (रस्ता रुंद होत असल्याने टपरीचा पत्ता वेळोवेळी बदलतो). शिक्षण : बी.एस्सी. आयटी, शेवटचे वर्ष. हुद्दा : संकेतस्थळ प्रमुख, कातळफूल विद्यार्थी कलापथक. हाताखालील कर्मचारी : निरंक. साधनसामग्री : स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे नेट. अधिकार : अध्यक्ष सांगतील ते करणे.

हा हुद्दा राहीने मागितला नव्हता. तिने मागितला होता संकासूर.

कातळफूल हे पथक विद्यार्थीच चालवतात, म्हणजे प्राध्यापक फक्त बक्षिसाच्या फोटोत असतात. पथक नमन करतं. आधी गणपतीला आळवणारा गण, मग सोंगं, मग गवळण, मग वग, असा तो सगळा ऐवज. सोंगांतलं सगळ्यात भारी सोंग संकासुराचं. काळा पायघोळ झगा, उंच निमुळती टोपी, लाल जीभ काढलेला मुखवटा, कमरेला घुंगरं. तो आला की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागे दडतात आणि आया हसत हसत स्वतःही जरा मागे सरकतात. लहानपणी राही एकटीच दडली नव्हती. ती त्याच्या मागून पार देवळापर्यंत नाचत गेली होती आणि घरी येऊन तिने मार खाल्ला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते एकच होतं.

पहिल्या वर्षाला ती तालमीत गेली आणि सरळ म्हणाली, "मला संकासूर करायचाय."

तेव्हाही पथकाचा अध्यक्ष ओमकार घागच होता. त्याचे आजोबा खेडकडच्या गावात नमनाचे मृदंगी होते. त्यामुळे परंपरा हा विषय त्याच्या नावावर सातबाऱ्यासारखा वारसाने चढला होता.

"संकासूर बाईमाणूस करत नाही," ओमकार म्हणाला.

"आणि गवळणी? त्या तुम्ही दाढ्या घोटून करता, ते चालतं?"

"ती परंपरा आहे."

"मग हे काय आहे?"

"हीपण परंपराच. म्हणून तर सांगतोय."

फार प्रश्न विचारणाऱ्याला एखादं खातं देऊन गप्प बसवायचं, ही राज्यकारभारातली जुनी रीत. ओमकार म्हणाला, "तू आयटीची ना गो? वेबसाईट सांभाळ. ती नीट कर, मग संकासुराचं बघू."

"बघू" म्हणजे अंगात कोट घालून आलेला नकार, हे राहीला कळत नव्हतं असं नाही. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की तो कोटाकडे बघतो, आतल्या माणसाकडे बघत नाही.

ती वेबसाईट पुण्याला नोकरीला गेलेल्या कुण्या सीनियरने केली होती. वर एक समई सारखी विझायची आणि पेटायची. खाली "आपले सहर्ष स्वागत" ही अक्षरं उजवीकडून यायची आणि डावीकडे कायमची निघून जायची. संपर्काला त्या सीनियरचाच नंबर होता. कुणी कार्यक्रम ठरवायला फोन केला की तो इंग्रजीतून सांगायचा की मी मीटिंगमध्ये आहे. नंबर बदलू का, असं राहीने विचारलं की ओमकार म्हणायचा, बघू.

असं सगळं सुखाने चाललं असतं, पण यंदा भांडुपच्या एका कोकणवासी मंडळाने वार्षिक मेळाव्यासाठी विद्यार्थ्यांचं नमन बोलवायचं ठरवलं. तीन-चार पथकांना निरोप आला : वेबसाईटची लिंक पाठवा, कमिटी बघून ठरवेल. मुंबईचा प्रयोग! ओमकारने तातडीची सभा बोलावली.

"वेबसाईट नवी करायची," तो म्हणाला. "आणि नमनाच्या रीतीने करायची. आधी गण."

"आधी फोन नंबर," राही म्हणाली. "माणसाला वर काय दिसतं तेवढंच तो बघतो."

"आल्या आल्या नंबर? सुपारीची बोलणी काय गणाआधी करतात? आधी गण, मग सोंगं, मग गवळण, मग वग. नंबर शेवटी."

"तोवर कोण थांबणार दादा?"

"नमनाला नाय थांबत?"

"थांबतात. मध्ये उठून चहा पिऊन येतात."

मृदंग वाजवणारा हमझा डिंगणकर जयगडहून येऊन-जाऊन करायचा. शेवटची एसटी चुकण्याच्या भीतीने तो कुठल्याही वादात लवकर तोडगा काढायचा. तो म्हणाला, "नारळाचं चित्र ठेव गो पहिल्या पानावर. बोट लावलं की नारळ फुटेल नि गण चालू होईल. झालं तुमचं समाधान?"

ओमकारचं समाधान झालं, पण अर्धंच. "गण चालू असताना पुढचं पान दिसता कामा नये. स्टेजवर गण चालू असताना कोण मधून जातो का? गण संपेपर्यंत पान हलणार नाही, असं कर."

"आणि नेट तुटलं तर?"

"गण मोडला तर पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यावरचा गण देवाला चालत नाही."

गवळणीतली मावशी करणारा रितेश म्हणाला, "माझा फोटो मोठा घे हां. मावशी बारीक दिसली तर लोक विचारतात, आजारी होतास काय?"

राहीला स्वच्छ दिसत होतं की हे असं केलं तर भांडुपची कमिटी नारळाशीच अडकून पडेल. मुंबई हुकली, तर संकासूरही हुकला. आणि ओमकारचं ऐकलं नाही, तर तो आत्ताच हुकला. तिने खालमानेने विचारलं, "सांगतोस तसं केलं, तर संकासूर?"

"बघू," ओमकार म्हणाला.

तिने सांगितलं तसं केलं. नारळ फुटत होता, गण वाजत होता, पान जागचं हलत नव्हतं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत जे जे करू नये म्हणून शिकवलं होतं, ते तिने एकाच पानात सफाईने बसवलं.

अडलं ते सोंगांच्या व्हिडिओपाशी. संकासूर करणारा रघू जयगडच्या बंदरात नोकरीला लागला होता आणि त्याला सुट्टी नव्हती. बाकी कुणी मे महिन्याच्या उन्हात तो झगा घालायला तयार होईना.

"मी घालते," राही म्हणाली.

ओमकारने बराच विचार केला. "व्हिडिओपुरतं चालेल," तो म्हणाला. "व्हिडिओत परंपरा नसते."

राहीने झगा चढवला, मुखवटा बांधला. हमझाने मृदंगावर थाप मारली, रितेशने मोबाइल धरला आणि पोरगी नाचली. नाचली म्हणजे काय, आत साठलेले सगळे "बघू" तिने पायाने तुडवले. शेवटी ती मोबाइलवर अशी चालून गेली की रितेश मागच्या खुर्चीत बसला आणि खुर्चीसकट पडला. तेवढं कापून व्हिडिओ लावला.

उद्घाटनाला रितेशने लॅपटॉपपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही जी काय पोरांनी वेबसाईट केलेली हाय, तिला कुणाची नजर लागू नये, हिचं नेट जाऊ नये…" आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" लिंक भांडुपला गेली.

मग काहीच झालं नाही. दिवस गेले. दुसऱ्या एका पथकाने मुंबईसाठी गाडी ठरवल्याची बातमी आली. तालमीत कुजबुज सुरू झाली आणि कुजबुजीची दिशा ओमकारने हळूच वळवली. "शेवटी वेबसाईटची जबाबदारी प्रमुखाची असते," तो म्हणाला. राहीकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण झगा अजून ओमकारच्या ताब्यातल्या पेटीत होता.

आणि एका दुपारी तालमीत ओमकारला फोन आला. त्याने सवयीने स्पीकर लावला.

"कातळफूल ना? मी भांडुपहून आप्पा बाईत, मंडळाचा सेक्रेटरी. अरे, तुमचा नंबर शोधायला मला केवढा फिरवलात! माझ्या खेडच्या मेव्हण्याला विचारलं, त्याने तुझ्या मावशीला विचारलं, तेव्हा मिळाला."

"नंबर वेबसाईटवर आहे काका. वगाच्या खाली."

"वगापर्यंत पोचतोय कोण मेल्या! तुमचा नारळ फोडला तसा गण चालू झाला. गण म्हटल्यावर आम्ही सगळी कमिटी उठून उभी राहिली, हात जोडून. अर्ध्यावर आला नि नेट गेलं. परत पहिल्यापासून! बसायचं कसं? खजिनदाराचे गुडघे दुखतात, तो टेबलाला धरून उभा. परत नेट गेलं. चहा आलेला थंड झाला. मी म्हटलं बंद करा, तर बाकीचे म्हणाले, गण मोडून पाप कोण घेणार?"

ओमकारने राहीकडे पाहिलं. राहीने छताकडे पाहिलं.

"मग… दुसरं पथक ठरलं का, काका?"

"ठरतच होतं. पण शेवटी एकदाचा गण संपला, पान सरकलं नि संकासूर आला. आमच्या कमिटीत गोदूबाई आहेत, सगळ्यात वयस्कर. त्या म्हणाल्या, हा नाचत नाय, हा भांडतोय. संकासूर असाच पायजे. तेव्हा तुम्ही या. पण ऐक, तोच संकासूर आण. दुसरा कोण उभा केलास तर गोदूबाई लगेच ओळखतील, नि मग मला मंडळात राहणं कठीण होईल. पोरगा कुठचा तो?"

हमझाने तेवढ्यात मृदंगावर एक बोट टेकवलं.

"हातखंब्याचा," ओमकार म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पोरगा नाही, काका. पोरगी आहे."

पलीकडे आप्पांनी फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ते परत आले. "गोदूबाई विचारतायत, मग एवढे दिवस कुठे ठेवलेली तिला?"

या प्रश्नाचं उत्तर ओमकारने ठरावानेच दिलं. परंपरा मोडायची नाही आणि मुंबईही सोडायची नाही, अशा वेळी माणूस लेखी भाषेत शिरतो. संध्याकाळी पथकाच्या ग्रुपवर मजकूर आला : "संकेतस्थळावर दाखवलेले सोंग व प्रत्यक्ष सोंग यांत तफावत राहू नये, ही जबाबदारी संकेतस्थळ प्रमुखांची असल्याने, सदर प्रमुखांनी मुंबई येथील प्रयोगात संकासूर म्हणून स्वतः उपस्थित राहावे. हा परंपरेतील बदल नसून संकेतस्थळाची देखभाल समजण्यात यावी." खाली सगळ्यांनी अंगठे उठवले. रितेशने खुर्ची पडल्याचं चित्र टाकलं.

संकेतस्थळ त्या आठवड्यापासून बंद आहे. प्रमुख तालमीला असतात.