पाच उमेदवार आणि एक दस्तार

नगरहून निघताना माझ्या बायकोनं तिच्या भावाच्या, म्हणजे वामनच्या, हातावर दही घातलं आणि मला बजावलं, "त्याला नोकरी लावल्याशिवाय परत येऊ नका." जणू काही निजामाच्या मुलखात नोकऱ्या झाडाला लागतात आणि मी जाऊन नुसती फांदी हलवायची! वामन अक्षरानं सुरेख, स्वभावानं भोळा आणि दोन वर्षांपासून रिकामा. त्याच्या सासऱ्यांनी मुलीला माहेरीच ठेवून घेतलं होतं. नोकरीचा हुकूम दाखवा आणि बायको घेऊन जा, असा त्यांचा सरळ हिशेब. मी पडलो शाळामास्तर. मास्तरला सुटी असते, म्हणून असली कामं त्याच्याच गळ्यात पडतात.

जामखेड मागे टाकलं आणि दुपारी बैलगाडी करोडगिरीच्या नाक्यावर (जकात चौकीवर) थांबली. शिपायानं वामनचं गाठोडं सोडून अर्जाची गुंडाळी उलगडली.

"ह्ये काय हाय?"

"नोकरीचा अर्ज."

"येकच? जावा मग. काल येकजण पोतंभर घेऊन गेला."

पुढे बालाघाटाचे डोंगर लागले. दोन्ही अंगांना सीताफळाची झुडपं, आणि फळं अशी पिकलेली की हात लावताच गळून पडावीत. वामननं इतकी खाल्ली की पुढचे दोन दिवस आमचा मुक्काम रस्त्यापेक्षा झाडीतच जास्त झाला. केजच्या अलीकडे गाडीचा आस मोडला. सुतार मिळेपर्यंत बाजारात बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण हाणलं. कालवण असं जहाल होतं की वामनच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि वाढणाऱ्या बाईंना वाटलं याच्या घरी काही दुःख झालं आहे. त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

ज्या गावी आम्हाला जायचं होतं त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून हयात आहेत. कचेरीच्या ओट्यावर पाच जण मान खाली घालून भराभरा लिहीत बसले होते. मी त्यातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारलं, "आपण इथले कारकून का?"

"न्हाई जी. आमी उमेदवार. कारकून आत पान खात हायती."

"मग हे लिहिणं कुणाचं?"

"त्येंचंच. जागा रिकामी झाली तर हात बसलेला असावा, म्हणून आमी लिवतो. मला नऊ वर्सं झाली."

या गृहस्थांचं नाव नागोराव. आम्हीही तशाच एखाद्या जागेच्या आशेनं आलो आहोत हे कळताच त्यांनी आम्हाला घरी नेलं, जेवू घातलं आणि वामनचा अर्ज उर्दूत लिहून दिला, कारण मराठी कागद कचेरीत कोणी वाचत नसे. मग म्हणाले, "पाव्हनं, दस्तार आनलीय ना?"

दस्तार म्हणजे दरबारी पगडी. तिच्याबरोबर बगलूस (कमरपट्टा) हवा. या दोन वस्तू अंगावर नसतील तर साहेबांसमोर उभं राहता येत नसे, आणि साहेब उमेदवारांना भेटत फक्त जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी. अख्ख्या गावात उमेदवारांकडे मिळून एकच जोड होता. एका जुन्या कारकुनानं मरताना तो त्यांना देऊन टाकला होता. पाचही जण पाळीपाळीनं तो घालून आत जात. या गुरुवारी पाळी नागोरावांची होती.

"तुमी जावा," ते वामनला म्हणाले.

"अहो, पण पाळी तुमची!"

"तुमी लांबून आलाव. आमी काय, हितलेच."

मी वामनला बोलू दिलं नाही. आभार मानून दस्तार पदरात पाडून घेतली. माणसानं संधी सोडू नये, असं मी वर्गात रोज शिकवतो.

गुरुवारी वामन आत गेला. दस्तार त्याला एवढी मोठी होत होती की भुवया दिसत नव्हत्या. मी आणि पाचही उमेदवार खिडकीला चिकटलो. साहेबांनी अर्ज न वाचता ढिगावर ठेवला आणि नजर वर केली, पण ती दस्तारीपाशीच थांबली. दस्तारीवर समोरच ठिणगीनं पडलेला रुपयाएवढा डाग होता. साहेब त्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी लेखणी उचलली.

"नौ साल! हर जुमेरात! ऐसा सब्रवाला आदमी मैंने नहीं देखा. जगह तुमको दी. नाम बोलो."

माझ्या शेजारी नागोरावांनी खिडकीला कान लावला. इतकी वर्षं पाच माणसं आत जात होती आणि साहेबांच्या लेखी तो एकच चिवट माणूस होता! आणि आता त्याचं नाव काय, हे वामननं सांगायचं होतं. खिडकीचा गज धरून मी मनात ओरडत होतो, 'स्वतःचं नाव सांग, गाढवा! बायको आण घरी!' लिहायला लाज वाटते, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा तेव्हा मला पार विसर पडला होता. दोन दिवस मी त्याचंच मीठ खात होतो.

वामननं दोन्ही हातांनी दस्तार सावरली. मग म्हणाला, "नागोराव."

बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, नऊ वर्षं मी कुठं आलो होतो? मी तर परवा आलो."

नागोराव पुढे आले. त्यांनी वामनच्या डोक्यावरची दस्तार उतरवून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि तेवढ्यात एका उमेदवाराच्या लक्षात आलं.

"नागोराव, आता जुमेरातीला आमी काय घालावं?"

"मला तर रोज लागंल रे. सुट्टीच्या दिवशी देतो की."

"सुट्टीला कचेरी बंद असती ना बे!"

सगळे लिहिणं सोडून बसले. आम्ही निघालो तेव्हाही तसेच बसलेले होते.

परतताना वाटेत वामनच्या सासऱ्यांचं गाव. मी टाळायला बघत होतो, पण वामन हट्टानं गेला. मामा, म्हणजे त्याचे सासरे, दारातच उभे होते.

"लागली का नोकरी?"

"लागली. पण मला नाही, दुसऱ्याला." आणि त्यानं सगळं खरं सांगून टाकलं.

मामा संतापले. मात्र ओसरीवरच्या शेजाऱ्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की या जावयानं एका परक्या माणसाला निजामाच्या राज्यात उभ्या उभ्या नोकरी लावून दिली. सकाळपर्यंत गावभर झालं. न्याहारीला आम्ही बसलो तेव्हा दारात सात माणसं अर्ज घेऊन उभी होती. वामन जीव तोडून सांगत होता, "अहो, मीच रिकामा आहे!" लोक एकमेकांना म्हणत होते, "बघा, मोठ्या माणसाला गर्व नाही." मामा ऐकत होते. दुपारी त्यांनी मुलीची ओटी भरायला लावली आणि तिला आमच्या गाडीत बसवलं.

या गोष्टीला वर्ष झालं. वामन अजून रिकामाच आहे. नोकरी कशी मिळते हे बघायला मी इतका लांब गेलो, आणि कळलं ते एवढंच, की ती कशी मिळते हे कुणालाच ठाऊक नाही. पण ज्याला ठाऊक असेल असं वाटतं त्याला लोक देव मानतात. परवा वामनकडे गेलो होतो. ओट्यावर त्याचे सासरे स्वतः बसले होते, हातात कागद.

"जावईबापू, एवढं आमच्या थोरल्याचं बघा."

वामननं माझ्याकडे पाहिलं. आत चुलीपुढे त्याची बायको भाकरी थापत होती, तो आवाज बाहेर येत होता. त्यानं तो अर्ज दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, "बघतो, मामा."